आंतरराष्ट्रीय संबंधांचा अभ्यास बातम्यांपुरता नाही

महोदय,

पदवीनंतर काय करावे, याविषयीच्या लेखांत ‘आंतरराष्ट्रीय संबंध’ या विषयातील पदव्युत्तर पदवीचा उल्लेख हल्ली वारंवार येतो, याचा आनंद वाटतो. मात्र राजदूत होण्याची वाट किंवा जागतिक घडामोडींची आवड असणाऱ्यांचा अभ्यासक्रम, अशी तिची ओळख करून दिली जाते आणि त्या भरवशावर प्रवेश घेणाऱ्यांची पहिल्याच सत्रात गाळण उडते. हा विषय शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली असल्याने हे लिहीत आहे.

परराष्ट्र सेवेचे दार अनेक देशांत स्वतंत्र स्पर्धा परीक्षेतूनच उघडते. ही पदवी तिथे उपयोगी पडते, पण नेमणुकीची हमी देत नाही. वास्तववाद, उदारमतवाद, रचनावाद हे सिद्धांत मेहनतीने आत्मसात करता येतात. खरा कस लागतो तो मूळ दस्तऐवज समोर आल्यावर.

जून १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर सुरक्षा परिषदेने २२ नोव्हेंबर १९६७ रोजी एकमताने संमत केलेला ठराव क्रमांक २४२ मी दरवर्षी वर्गात वाचायला देतो. इस्रायली सैन्याने व्याप्त प्रदेशांतून माघार घ्यावी, असे त्यात म्हटले आहे. पण इंग्रजी मसुद्यात ‘प्रदेशांतून’ या शब्दाआधी ‘द’ हे उपपद नाही, तर फ्रेंच मसुद्यातील शब्दरचनेचा अर्थ ‘त्या सर्व प्रदेशांतून’ असाही लावता येतो. माघार सगळ्या प्रदेशातून की काही भागातून, हा वाद या एका उपपदाभोवती अजूनही चालू आहे. मराठीत असे उपपदच नसल्याने आपल्या विद्यार्थ्याच्या नजरेतून ते सहज निसटते आणि तो थेट कोणाची बाजू न्याय्य, यावर बोलू लागतो.

सुरक्षा परिषदेच्या स्थायी सदस्यांच्या नकाराधिकाराचे (व्हेटो), म्हणजे एकट्याने ठराव रोखण्याच्या अधिकाराचेही तसेच. हा शब्द संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत कुठेही नाही. कलम २७ मध्ये महत्त्वाच्या ठरावांसाठी स्थायी सदस्यांच्या ‘सहमतीच्या मतांची’ अट आहे. ती अक्षरशः घेतली, तर स्थायी सदस्य तटस्थ राहिला तरी ठराव बारगळायला हवा. प्रत्यक्षात तसे होत नाही, आणि हा प्रघात आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही १९७१ मधील नामिबियाविषयक सल्लागार अभिप्रायात ग्राह्य धरला. मजकूर आणि प्रघात यांत हे अंतर कसे पडले, याचा माग काढणे हे या पदवीचे खरे काम आहे, आणि ते जमू लागलेला विद्यार्थी पाहताना मला मनापासून समाधान वाटते.

या विषयाचे पहिले अध्यासन (विद्यापीठातील प्राध्यापकपद) १९१९ मध्ये वेल्समधील ॲबरिस्टविथ येथे स्थापन झाले, तेव्हा महायुद्धाच्या जखमा ओल्या होत्या. युद्धे का होतात, हे समजून घेण्याची ती निकड आजही संपलेली नाही. म्हणूनच निव्वळ भाष्ये वाचून लिहिलेले प्रबंध हाती आले की वाईट वाटते.

विद्यापीठांनी या अभ्यासक्रमात एक परकीय भाषा सक्तीची करावी आणि प्रबंधासाठी किमान एका मूळ दस्तऐवजाचे बारकाईने वाचन बंधनकारक करावे, अशी माझी विनंती आहे. इच्छुकांनी प्रवेशअर्ज भरण्याआधी सनदेची १११ कलमे सलग वाचून पाहावीत. वाचताना कंटाळ्याऐवजी प्रश्न पडू लागले, तर अर्ज जरूर भरावा.

आपला नम्र,
आंतरराष्ट्रीय संबंध विषयाचा एक अध्यापक