पहिला सेल्फ मारण्याआधी तुम्ही आलात, काका

काका, सा. न.

गाडीचं इंजिन बांधून आठ दिवस झाले तरी मी किल्ली लावली नव्हती. फोनवर तुम्हाला एवढंच म्हणालो, "सगळं बसवलंय, पण सेल्फ मारायला हात होत नाही." तुम्ही म्हणालात, "कशाकशाची भीती वाटते ते कागदावर लिही, मी येतो." हे पत्र खरं तर त्या वाक्यासाठीच.

कागद दोन्ही बाजूंनी भरला. बेअरिंग कोरडं फिरलं तर? टायमिंग बेल्ट एक दात चुकला असेल तर? तुम्ही धीर देत बसला नाहीत. प्रत्येक शंका तपासायची कशी, ते दाखवलंत.

क्रँकच्या पुलीला पाना लावून इंजिन हाताने दोन फेरे फिरवायला लावलंत. क्रँकचे दोन म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमचा एक, टायमिंगच्या खुणा पुन्हा जुळायलाच हव्यात. अडलं तर जोर करायचा नाही. व्हॉल्व्ह पिस्टनला टेकला तर हाताला कळतं, स्टार्टरला नाही. खुणा जुळल्या.

मग ऑइल. चारही प्लग बाहेर, कॉइलचं कनेक्शन सोडलेलं, फ्यूल पंपाचा फ्यूज माझ्या खिशात. पेट्रोल नाही, ठिणगी नाही, नुसतं ऑइल वर चढू द्यायचं. दहा सेकंद सेल्फ, मग स्टार्टरला विसावा. पहिल्यांदा ऑइल प्रेशरचा लाल दिवा तसाच. दुसऱ्यांदाही तसाच. तिसऱ्यांदा मिणमिणला आणि विझला. तुम्ही फिल्टरखालून बोट फिरवलंत आणि कोरडं बोट मला दाखवलंत, गळती नाही. तेव्हा कुठे माझा श्वास सुटला.

प्लग लावून खरोखर चालू केलं तर वरून खडखड, एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर धूर. मी बंद करणार, तेवढ्यात तुम्ही मनगट धरलंत. "हायड्रॉलिक टॅपेट भरतायत. वरची टकटक जाईल. खालून जड ठोका आला तर मात्र लगेच बंद कर." धूर होता तो इंजिन बांधताना हातांचं ऑइल लागलं होतं त्याचा. थोड्याच वेळात दोन्ही थांबलं. थर्मोस्टॅट उघडल्यावर रेडिएटरमधली पातळी झपकन उतरली, पण ते तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं. अडकलेली हवा निघाली, कूलंट भरलं.

पिस्टनच्या नव्या रिंगा लोडवर बसतात, आयडलवर नाही, हेही तुमचंच. गाडी तशीच चालवली, वेग सतत कमीजास्त करत.

तुमचा अख्खा दिवस गेला आणि पाना तुम्ही एकदाही हातात घेतला नाहीत. माझं चाचपडणं बघत उभं राहणं किती जड गेलं असेल!

काल पहिलं ऑइल काढलं. पांढऱ्या भांड्यात घेऊन उन्हात धरलं. तुम्ही म्हणाला होतात तशी बारीक करडी चमक आहे, तांबूस कण नाहीत, दुधाळपणा नाही. थोडं बाटलीत ठेवलंय. रविवारी याच गाडीने घेऊन येतो, तुम्ही एकदा बघा.

तुमचा ऋणी