काका, हे चारचौघांत लिहितोय

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानले की तुम्ही लगेच "चहाचं काय झालं?" विचारता. म्हणून हे जाहीर पत्र. नातू वाचून दाखवेल तेव्हा त्याला मध्येच थांबवू नका.

१८ एप्रिलला, जागतिक वारसा दिनी, अडीच फुटी रुळांवर धावणारं आपलं जुनं वाफेचं इंजिन पुणेकरांनी हात लावून पाहिलं. जो तो पितळेच्या चकाकीचं कौतुक करत होता. मला मात्र तुम्ही आम्हाला जे करू दिलं नाहीत, त्याबद्दल आभार मानायचे आहेत.

इंजिन साफ करायच्या पहिल्या रविवारी आम्ही ग्राइंडर, तारेचे ब्रश आणि चंदेरी रंगाचे डबे घेऊन हजर झालो. तुम्ही ग्राइंडरची पिन काढलीत आणि प्रत्येकाच्या हातात डिझेलमध्ये भिजवलेलं कॉटन वेस्ट, म्हणजे पुसायचा सुताचा गुंता, दिलंत. वाफेच्या इंजिनाला डिझेल चोळायचं याचं तुम्हालाच हसू येत होतं. साइड रॉडला, म्हणजे चाकं एकमेकांना जोडणाऱ्या दांड्याला, रंग का लावायचा नाही, हे तेव्हा कळलं. उघडं, लख्ख लोखंड ठेवलं तर तडा दिसतो. पुसून थोडा वेळ थांबलं, की तड्यात मुरलेलं तेल काळ्या रेघेसारखं वर येतं. रंगाखाली ते झाकून जातं. इंजिनांच्या शेडमध्ये पोरगा आधी इंजिन पुसायला लागायचा, मग फायरमन, मग ड्रायव्हर, असं तुम्ही सांगत होतात. पुसणं म्हणजे तपासणंच, हे त्या क्रमामागचं कारण आम्हाला एरवी सुचलं नसतं.

ग्राइंडर फिरला असता तर तो आकडाही गेला असता. ग्रीसचा थर निघाल्यावर डाव्या रॉडवर ठोकलेला नंबर दिसला आणि तो आपल्या इंजिनाचा नव्हताच! आम्ही गोंधळलो. तुम्ही म्हणालात, "उसनवारी. एक इंजिन उभं राहिलं की त्याचा रॉड दुसऱ्याला." या एका आकड्यात शेडचा सगळा व्यवहार होता. आता त्याच्याखाली छोटी पाटी लावली आहे, आणि माहितीफलकापेक्षा लोक तिच्यापाशी जास्त रेंगाळतात.

बॉयलरवरचे पत्रे उघडायचे नाहीत, यावर तर तुम्ही चक्क आवाज चढवलात. त्या काळी बॉयलरभोवती ॲस्बेस्टॉस गुंडाळत. त्याची धूळ छातीत गेली तर कित्येक वर्षांनी भोवते. आमच्यातल्या दोघांनी स्पॅनर लावलेसुद्धा होते. त्यांच्या घरच्यांच्या वतीने वेगळे आभार.

मुलांसमोर तुम्ही जे केलंत ते मात्र कुठल्याच आराखड्यात नव्हतं. चाकांच्या आसांची टोकं फिरतात त्या पेट्यांत तेल घातलं होतं, सिलिंडरचे ड्रेन कॉक (तळाच्या तोट्या) उघडले होते, म्हणजे आतली हवा अडणार नाही. चाकावर खडूने खूण केलीत, मागून पहार लावायला सांगितलीत, आणि इंजिन इंचाइंचाने सरकलं. दोन सिलिंडर, प्रत्येक पिस्टनला वाफ दोन्ही बाजूंनी ढकलते, म्हणून चाकाच्या एका फेऱ्यात चार 'झुक'. पोरांनी पाव फेऱ्याला एक, असे ओरडून मोजले. ती वापरलेली वाफ धुराड्यातून झोताने निघते तेव्हा भट्टीतली हवा ओढून घेते. म्हणजे इंजिन जितकं राबेल, तितका जाळ जोरात. हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण पहारीशिवाय डोक्यात शिरलं नव्हतं.

एका गृहस्थांनी विचारलं, हे भोर घाट चढायचं का. तुमचं उत्तर अस्सल पुणेरी होतं: "घाटात याच्या मापाचे रूळ होते कुठे?" मग मात्र त्यांना बाजूला बसवून याच अडीच फुटी मापाची बार्शी लाइट रेल्वे समजावलीत. १८९७ साली सुरू झालेली, एव्हरार्ड कॅल्थ्रॉपची, एका आसावर जास्तीत जास्त पाच टन भार, हे गणित धरलेली. १९०६ला ती पंढरपूरला पोचली. ते ऐकून मागे उभ्या असलेल्या आजींनी इंजिनाला हात जोडले. वारकऱ्यांनी खच्चून भरलेले ते छोटे डबे त्यांनी लहानपणी पाहिले होते म्हणे. तुम्ही त्यांना फूटप्लेटवर, ड्रायव्हर उभा राहतो तिथे, चढायला हात दिलात. रांगेतला एकही माणूस कुरकुरला नाही, आणि पुण्यात ही काही लहान गोष्ट नव्हे.

आता एक काम उरलंय. धुराड्यातून पाऊस आत गेला तर काजळीत पाणी मिसळून आम्ल होतं आणि स्मोकबॉक्सचा, म्हणजे धुराड्याखालच्या पेटीचा, तळ खातं, असं तुम्हीच बजावलं होतंत. पत्र्याचं झाकण कापून ठेवलंय. मृग लागायच्या आत एकदा येऊन माप बघून जा. घोरपडीहून बसने येऊ नका, आम्ही न्यायला येतो. चहा ठरलेला आहे.

आपला,
रविवारच्या टोळीतला एक