तुझ्या करारावरून

आयंडहोव्हन, नेदरलँड्स,
१२ ऑक्टोबर

प्रिय सुन्या,

रविवारी तुझा फोन ठेवला आणि मला झोप लागली नाही. दोन वर्षं पगारवाढ नाही, महागाई भत्ता पुढे ढकला, नाहीतर दुसरी पाळी बंद, असं कंपनीनं सांगितलंय. तुमच्या युनियनच्या कमिटीतले निम्मे म्हणतायत सही करून मोकळे होऊ, निम्मे म्हणतायत गेटवर बसू. "तुमच्याकडे युनियनवाले अशा वेळी काय करतात?" असं तू विचारलंस आणि मी फोनवर काहीतरी तुटक बोललो. आता नीट लिहितो. उत्तर लांब आहे, आणि त्याचं एक टोक आपल्या चाळीतच आहे.

गेल्या मे महिन्यात लालबागला बाबांची ट्रंक आवरत होतो. तळाशी पगाराची एक चिठ्ठी मिळाली, डिसेंबर १९८१ची. पिवळी पडलेली, घडीवर फाटलेली. मूळ पगाराच्या आकड्यापेक्षा महागाई भत्त्याचा आकडा मोठा. घर चालायचं ते त्या दुसऱ्या रकान्यावर. बाबांची पूर्ण महिन्याची ती शेवटची चिठ्ठी. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. आमच्या गिरणीचा भोंगा थांबला आणि आईला वेळ कळण्यासाठी शेजारच्या घड्याळाकडे बघावं लागायचं, एवढं मला पक्कं आठवतं. तुझे बाबा तुम्हाला घेऊन पाटणला गेले ते त्याच उन्हाळ्यात.

अडीच लाख माणसं बाहेर होती. पगारवाढ हवी होती, वर्षानुवर्षं बदली म्हणून, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी, राबणाऱ्यांना कायम करायला हवं होतं, आणि १९४६चा तो मुंबई औद्योगिक संबंध कायदा नको होता. त्या कायद्यानं सगळ्या गिरण्यांसाठी एकच मान्यताप्राप्त युनियन ठरवली होती आणि बोलणी करायचा हक्क फक्त तिला. कामगार उभे होते डॉ. दत्ता सामंतांच्या मागे, कागदावर मान होता राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. मालक म्हणाले, आम्ही कायद्याप्रमाणे संघाशीच बोलणार. सरकारनं तेच धरून ठेवलं. संप मिटला असं शेवटपर्यंत कुणी रीतसर जाहीर केलं नाही. तो विरत गेला, आणि त्याच्याबरोबर गिरणगावही.

गिरण्या आजारी होत्या हे मी नाकारत नाही. साचे, म्हणजे माग, जुने झाले होते, भिवंडीचे यंत्रमाग स्वस्तात कापड काढत होते, आणि कित्येक मालकांनी नफा गिरणीत न घालता दुसऱ्या धंद्यांत नेला होता. पण धंदा आजारी असतो तेव्हाच तर समोरासमोर बसावं लागतं. ज्यांच्या शब्दावर अडीच लाख माणसं कामावर परत गेली असती, त्यांना खोलीत घ्यायलाच कुणी तयार नव्हतं. माझ्या मते त्या वर्षातली सगळ्यात मोठी चूक तीच, आणि ती सरकारची.

आता मी राहतो त्या देशाचं सांगतो. वर्ष तेच, १९८२. नेदरलँड्सची अवस्था वाईट होती. कारखाने बंद पडत होते आणि काम मागणाऱ्या दर दहांत एकाच्या आसपास बेकार होता. इथेही महागाईप्रमाणे पगार आपोआप वाढायचा. नाव वेगळं, पण वस्तू तीच जी बाबांच्या चिठ्ठीवरच्या दुसऱ्या रकान्यात होती. नोव्हेंबरमध्ये रूड लुबर्स पंतप्रधान झाले आणि त्यांच्या सरकारनं सांगितलं, तुम्ही दोघं आपसात ठरवा, नाहीतर पगार आम्ही कायद्यानं गोठवू. मग कामगार महासंघाचे अध्यक्ष विम कोक आणि मालकांच्या संघटनेचे अध्यक्ष ख्रिस फान फेन यांचं बोलणं हेगजवळच्या वासेनार गावी, फान फेन यांच्या घरी झालं. २४ नोव्हेंबरला करार जाहीर झाला.

त्यात काय होतं बघ. युनियननं आपोआप मिळणारी महागाईची वाढ सोडली. बदल्यात मालकांनी कामाचे तास कमी करून काम जास्त लोकांत वाटायचं कबूल केलं. पुढच्या काही वर्षांत चाळीस तासांचा आठवडा बऱ्याच ठिकाणी अडतीसवर आला. सरकारनं पगार गोठवायचा हट्ट सोडला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बाबांचा चेहरा डोळ्यांपुढे आला. महागाई भत्ता सोडायचा? आपल्या चाळीत असा नेता दुसऱ्या दिवशी फिरू शकला नसता. इथेही कोक यांना शिव्या बसल्या. पण ते टिकले, आणि १९९४मध्ये हाच माणूस देशाचा पंतप्रधान झाला.

लोकांनी ऐकलं कसं, हे मला बरीच वर्षं कळत नव्हतं. इथे राहून हळूहळू उमगलं. त्यांची बसायची जागा आधीपासून तयार होती. मालक आणि युनियन यांची एकत्र संस्था महायुद्ध संपलं त्याच वर्षी, १९४५ला उभी राहिली. १९५०मध्ये सरकारला सल्ला देणारी परिषद झाली, तिच्यात मालकांचे, कामगारांचे आणि सरकारनं नेमलेल्या जाणकारांचे सदस्य सारख्याच संख्येनं बसतात. म्हणजे संकट आलं तेव्हा एकमेकांचे चेहरे ओळखीचे होते. भांडणही त्याच टेबलावर झालेलं होतं.

मी तुला गोड चित्र देत नाहीये. १९८३मध्ये लुबर्स सरकारनं सरकारी नोकरांचे पगार साडेतीन टक्क्यांनी कापायचं ठरवलं तेव्हा टपाल, रेल्वे, कचरागाड्या सगळं काही आठवडे विस्कळीत होतं. पुढची कितीतरी वर्षं पगार नफ्याच्या मागेच राहिले. नवीन कामं निघाली त्यातली पुष्कळ अर्धवेळची होती आणि ती बहुतेक बायकांच्या वाट्याला आली. अर्धवेळ म्हणून कुणाला कमी लेखता येणार नाही असा कायदा व्हायला १९९६ उजाडलं. पण शतक संपेपर्यंत बेकारी युरोपात सगळ्यात कमी असलेल्या देशांत हा देश जाऊन बसला होता. एका करारानं एवढं सगळं झालं असं मी म्हणणार नाही. जगाचा बाजार सावरला, त्याचाही हात होता. पण सुरुवात तिथून झाली, हे इथले दोन्ही बाजूंचे लोक मानतात.

याचाच एक तुकडा मी स्वतः पाहिलाय. मार्च २०२०मध्ये आमच्या कारखान्यात ऑर्डरी अचानक थांबल्या. मी तेव्हा कामगारांनी निवडलेल्या कौन्सिलवर होतो. पन्नास किंवा जास्त माणसं असतील तर अशी कौन्सिल ठेवावीच लागते. कँटीनमध्ये खुर्च्या दूर दूर मांडल्या होत्या. आमच्या डायरेक्टर बाईंनी लॅपटॉप आमच्याकडे वळवला. बँकेत किती, देणी किती, किती आठवडे पगार निघेल. पडद्यावर शेवटची ओळ लाल होती: नऊ आठवडे. कुणी काही बोललं नाही. मग युनियनच्या माणसानं वही काढली आणि तो आकडा लिहून घेतला. एवढंच. पण सुन्या, एक आकडा दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बघितला की बोलण्याचा सूरच बदलतो, हे मी तिथे शिकलो.

त्याच महिन्यात सरकारनं योजना आणली. विक्री किमान वीस टक्के घटली असेल तर त्या घटीच्या प्रमाणात पगाराचा खर्च सरकार देणार, जास्तीत जास्त नव्वद टक्के. अट अशी की कामगाराला पगार पूर्ण द्यायचा आणि धंद्याचं कारण सांगून माणसं काढली तर मदतीला कात्री. पुढच्या टप्प्यात मदत घेणाऱ्या मोठ्या कंपन्यांना लाभांश आणि वरच्यांचे बोनस वाटायलाही बंदी आली. आमच्याकडे एकही माणूस गेला नाही.

आपल्याकडे हे जमत नाही असं मला कुणी म्हटलं की राग येतो. ऑगस्ट १९४२मध्ये दिल्लीत सरकार, मालक आणि कामगार यांची पहिली त्रिपक्षीय परिषद भरली तेव्हा अध्यक्षस्थानी डॉ. आंबेडकर होते, मजूरमंत्री म्हणून. नेदरलँड्सच्या त्या संस्थेच्या तीन वर्षं आधी! तीच पुढे भारतीय श्रम परिषद झाली, आणि २०१५ नंतर ती भरवलीच गेली नाही. आणि माथाडी? १९६९चा कायदा अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून आला. मंडळावर मालक आणि हमाल सारख्याच संख्येनं, शिवाय सरकारचे लोक. मजुरी मालकानं मंडळाकडे भरायची, वर लेव्ही म्हणजे जादा वर्गणी, त्यातून फंड, औषधपाणी. पाठीवर पोतं वाहणाऱ्या माणसाला ग्रॅच्युइटी मिळाली ती आपल्या महाराष्ट्रात.

तर आता तुझ्या मीटिंगचं. भत्ता पुढे ढकलायला नाही म्हणू नकोस, पण आधी हिशेब मागा. दोन वर्षांचा ताळेबंद, हातातल्या ऑर्डरी, आणि वरच्या साहेबांचे पगार किती कापले ते. दाखवत नसतील तर सही नाही, यावर कमिटीतले दोन्ही गट एक होतील असं मला वाटतं. जे सोडाल त्याची मुदत लिहून घ्या आणि ऑर्डर परत आली की ते कसं परत मिळणार तेही. कामगारकपात नाही, हे शब्द करारात हवेत, भाषणात नकोत. आणि करार आपसात करून गप्प बसू नका. कामगार आयुक्तांच्या कार्यालयात नेऊन समेटातला करा, आपण ज्याला जुन्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलमावरून बारा-तीनचा म्हणत आलोय तसा, म्हणजे तो सगळ्यांना लागू पडेल. नव्या कायद्यात त्याला कोणतं कलम लागतं ते वकिलांना आधी विचार.

आणखी एक गोष्ट, जी तुला आवडणार नाही. तुमच्या लाइनवरची कंत्राटी पोरं. तू म्हणालास, त्यांचा विषय नंतर. आपल्या बाबांच्या वेळी बदली कामगारांचा विषयही असाच नंतर होता. त्यांचा एक माणूस बोलण्यात घ्या. पाळी बंद झाली तर पहिले तेच घरी जाणार आहेत, आणि गेटवर बसायची वेळ आली तर तुमच्या शेजारी बसायलाही तेच लागतील.

मसुदा हातात आला की फोटो काढून पाठव, इंग्रजीत असला तरी चालेल, मी रात्री बसून ओळ न् ओळ वाचतो. बाबांच्या चिठ्ठीचा फोटो या पत्राबरोबर पाठवतोय. काकांना दाखव. त्यांचीही अशीच एखादी राहिली असेल तर मला बघायची आहे. वहिनींना नमस्कार.

तुझा,
दिन्या