झोपलीस का?

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू हसत हसत सांगितलंस, की प्रयोगाला एक माणूस कमी पडला म्हणून तूच रात्रभर जागलीस, वर मांडीत सुई घालून स्नायूचा तुकडाही दिलास. आईने फोन माझ्या हातात दिला आणि आत निघून गेली. तिचं मनावर घेऊ नकोस. मला एवढंच विचारायचं होतं, नंतर झोपलीस का?

तुमचा विभाग मला अजून पुरता उमगलेला नाही. शरीरक्रियाशास्त्रवाले, इंजिनिअर, मानसशास्त्रवाले, आकडेमोड करणारे, सगळे एका छताखाली. आणि शोध कसला, तर थकलेला माणूस पुन्हा उभा कसा राहतो याचा. आत्याला सांगताना माझी छाती फुगते, ते असो. १९६६ सालचा तो प्रयोग तूच सांगितलास. पाच धडधाकट पोरांना तीन आठवडे अंथरुणात ठेवलं. ३० वर्षांनी त्यांनाच पुन्हा तपासलं, तर वयानेही दम एवढा घटला नव्हता, जेवढा त्या तीन आठवड्यांनी घटवला होता. हेच ऐकवून तू मला गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी चालवलंस. सलग १७ तास जागलं की हातापायांचं भान रक्तात ०.०५ टक्के दारू असल्याइतकं ढळतं, हेही तुझंच. मग हे सगळं दुसऱ्यांपुरतंच का? झोप काय उधारीवर मिळते?

बघ, सुरू झालं माझं. माफ कर.

मला बोलायचा हक्क किती, तेही ठाऊक आहे. पहाटे साडेचारला तुझं पांघरूण ओढणारा मीच. नडगीच्या हाडाला बारीक तडा गेला तेव्हा डॉक्टर आठ आठवडे म्हणाले होते. पाचव्या आठवड्यात मी स्टॉपवॉच घेऊन मैदानावर उभा. तू चकार शब्द काढला नाहीस. दुसऱ्या वळणावर खाली बसलीस आणि कितीतरी वेळ बुटाची नाडी सोडत राहिलीस. मी लांबून ओरडलो, वेळ जातोय! ते स्टॉपवॉच अजून खणात आहे. तू हाच विषय का निवडलास, हे मी कधी विचारलं नाही.

तुमचा लेख छापून आला, दादाने वाचून दाखवला. तुझं नाव चौथं. पुढच्या वेळी पहिलं... नको, राहू दे.

मनगटावरच्या पट्ट्यात रात्रीच्या झोपेचे आकडे येतात म्हणालीस. मला पाठवू नकोस, रोज बघत बसेन.

रविवारी सकाळी मी फोन करणार नाही. आईलाही करू देणार नाही. उठलीस की तूच कर.

तुझा,
बाबा