दिल्या, नंद्याला फोन कर

शिकागो

प्रिय दिल्या,

काल रात्री नंद्याचा फोन आला होता. मुलाची नोकरी, मिरजेतलं पाणी, सगळं बोलून झालं आणि फोन ठेवता ठेवता म्हणाला, "तो अजून वाजवतो का रे?" नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. तुला फोनवर सांगितलं असतं तर तू विषय बदलला असतास, म्हणून लिहितोय. पत्राला मधेच तोडता येत नाही.

माझी तब्येत बरी आहे. साखर ताब्यात.

इथल्या शिकागोच्या ब्लूज गिटारवाल्या हाउंड डॉग टेलरची कॅसेट आठवते ना? बापूच्या खोलीवरची? तू म्हणालास, "ह्याची गिटार सुरात नाही," आणि नंद्या म्हणाला, "नसू दे, ऊठ, नाच!" तिथपासून तुमची जुंपलेली. तू हवाईयन गिटार मांडीवर आडवी घेऊन स्टीलचा बार फिरवायचास. हा टेलर पठ्ठ्या गिटार उभी धरून, बोटात नळी चढवून तेच करतो, हे तुला पटता पटेना. त्याच्या हाताला सहा बोटं होती हे मी सांगितलं, तेव्हा मात्र तू लगेच म्हणालास, "मग बरोबर आहे, एक बोट जास्तच आहे!" उजव्या हाताचं ते जादाचं बोट त्यानं एकदा दारूच्या नशेत ब्लेडनं कापून टाकलं होतं, हे मला इथे आल्यावर कळलं.

मागच्या महिन्यात मी त्याच्या थडग्यापाशी जाऊन आलो. शिकागोच्या दक्षिणेला अल्सिप म्हणून गाव आहे, तिथल्या रेस्टव्हेल दफनभूमीत. ब्लूज गायक मडी वॉटर्सही तिथेच आहे. उभं राहिल्यावर तुम्ही दोघंच डोक्यात.

हा माणूस मिसिसिपीतून १९४२ साली इथे आला. बरीच वर्षं दिवसा मजुरी आणि रात्री वाजवणं. पूर्णवेळ वादक झाला तो चाळिशी ओलांडल्यावर. दर रविवारी दुपारी साउथ साइडला फ्लॉरेन्स नावाच्या बारमध्ये बसायचा. हो, बसायचाच. खुर्चीत बसून दोन्ही पाय आपटत वाजवायचा. गिटार स्वस्तातली जपानी, अँप्लिफायर फाटक्या आवाजाचा. १९७१ मध्ये ब्रूस इग्लॉअर नावाचा पोरगा एका रेकॉर्ड कंपनीत माल पाठवायच्या कामावर होता. मालकाला टेलरची रेकॉर्ड काढायची नव्हती. तर ह्या पोरानं वारशाचे अडीच हजार डॉलर घातले, स्वतःची कंपनी काढली आणि दोन रात्रींत रेकॉर्डिंग उरकलं. आज ब्लूजमध्ये नाव असलेली ॲलिगेटर कंपनी ती हीच! सुरात नसलेल्या गिटारवर उभी राहिलेली, दिल्या.

पण मला सांगायचंय ते ब्रूअर फिलिप्सचं, टेलरच्या बँडमधल्या दुसऱ्या गिटारवाल्याचं. ह्या बँडमध्ये बास गिटार नव्हतीच. दोन गिटार आणि टेड हार्वीचा ड्रम, एवढंच. टेलर बोटातली नळी फिरवत वरच्या सुरांत किंचाळत असायचा तेव्हा फिलिप्स आपल्या साध्या गिटारीच्या जाड तारांवर खालची चाल धरून ठेवायचा. फिलिप्स पुढे आला की टेलर खाली जायचा. आता पुन्हा ऐकताना फक्त फिलिप्सकडे कान दे. तो काढून घेतला तर टेलरच्या पायाखाली जमीनच राहत नाही. आपल्या ऑर्केस्ट्रात तुझी हवाईयन ऐकून लोक शिट्ट्या मारायचे, तेव्हा खाली कॉर्ड कोण धरायचं? तू लय वाढवलीस की मागे वळून न बघता तुझ्याबरोबर कोण यायचं?

हे तिघं सतत भांडायचे. गाडीत, बारमध्ये, कुठेही. इस्लामपूरला माइकसाठी तुम्ही स्टेजवर जे केलंत ते त्यांच्यापुढे काहीच नाही. १९७५ मध्ये टेलरच्या घरी वाद झाला आणि त्यानं फिलिप्सवर चक्क गोळी झाडली. फिलिप्स वाचला. टेलरवर खटला होणार होता, पण तोवर फुप्फुसाच्या कॅन्सरनं त्याला गाठलं. हॉस्पिटलमध्ये पडल्या पडल्या त्याची एकच इच्छा होती, फिलिप्सनं येऊन माफ करावं. आणि फिलिप्स गेला, दिल्या. गोळी खाल्लेला माणूस गेला, माफ करून आला. १७ डिसेंबरला टेलर वारला.

मला ह्यात राग येतो तो उशिराचा. भेटले, पण वाजवायला वेळ उरला नाही. तुमच्यात तर कुणी गोळीही झाडलेली नाही. सांगलीच्या गणपतीत नंद्या न सांगता निघून गेला आणि तू त्याच्या घरी चढायचं सोडलंस. चूक त्याची होती, मी तेव्हाही हेच म्हणालो, आजही म्हणतो. पण काल पहिलं पाऊल त्यानं टाकलंय. आता ते तिथेच अडकून पडलं तर मला इथे झोप लागणार नाही. तुम्हा दोघांशिवाय मला त्या वर्षांबद्दल बोलायला कोणीही नाही.

पल्लवीच्या बारावीचं कळलं, तिला शाबासकी सांग. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतरच करा, घाई नको. नवीन घराचे फोटो पाठव.

नंद्याचा नंबर बदललाय. वहिनींना पाठवून ठेवलाय, कारण तुला पाठवला असता तर तू खोडला असतास. सकाळी दहानंतर कर, त्याआधी तो शिकवणीत असतो. आणि तो विचारेल, म्हणून आत्ताच गिटारच्या तारा बदलून घे.

तुझा,
सुध्या