वी म्हणजे आम्ही की आपण

प्रिय सोनू,

परवा फोनवर तू अगदी रडकुंडीला आलेली, प्रोनाऊनच्या, म्हणजे सर्वनामाच्या प्रश्नात १० पैकी ४, आणि तुझी मम्मी लगेच माझ्याकडे बघून म्हणे बापावरच गेलंय पोरीचं इंग्रजी. तिचं काही चुकलं नाही म्हणा. सावद्याला केळीचा व्यापार करणाऱ्या ग्रुपच्या ऑफिसात बसून माझं इंग्रजी गाडी नंबर आणि बिलापुरतंच राहिलं. पण प्रोनाऊन मला एकदा चांगलंच महागात पडलंय, त्यामुळे तेवढं मात्र डोक्यात पक्कं बसलंय.

झालं असं की दुबईच्या एका पार्टीला कंटेनर जायचा होता आणि बोलणं सगळं ईमेलवर. मी लिहिलं, वी विल पे द पोर्ट चार्जेस. माझ्या मनात होतं आपण देऊ, म्हणजे निम्मे तुम्ही निम्मे आम्ही. त्यांनी वाचलं आम्ही देऊ. १८ हजार आमच्या माथी. मालक तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत आणि मी त्या ईमेलकडे बघत बसलो, त्यात एकही स्पेलिंग चुकलेलं नव्हतं! आपल्याकडे आम्ही वेगळं आणि आपण वेगळं, समोरचा धरलाय की सोडलाय ते शब्दातच कळतं. इंग्रजीत दोन्हीला एकच वी. म्हणून तिथे फोडून लिहावं लागतं, बोथ ऑफ अस किंवा यू अँड आय.

आता तुझा पेपर. तू फोटो पाठवला तो मी दोनदा वाचला. तुझी पहिली चूक, मी अँड माय फ्रेंड वेंट टू द मार्केट. अगं हा घोळ आपल्या भाषेचाच आहे, मराठीतला मी कर्ता असतो आणि इंग्रजीतला मी म्हणजे मला. कानाला सारखाच लागतो म्हणून तो पटकन वाक्याच्या तोंडाशी येऊन बसतो. यावर सोपा उपाय, मैत्रिणीला वाक्यातून बाहेर काढायचं. मी वेंट म्हणशील का? नाही ना, आय वेंट. मग मैत्रीण आली तरी आयच, आणि तिला पुढे ठेवायचं, माय फ्रेंड अँड आय. इंग्रजीत स्वतःचं नाव शेवटी घेतात. आम्हाला शाळेत २-३-१ पाठ करून घेतलेलं, आधी यू, मग ही किंवा शी, शेवटी आय. फक्त चूक कबूल करताना उलटं, १-२-३, तिथे आय पहिला. मला हा नियम फार आवडायचा. आणि बिटवीन यू अँड आय असं भले भले लिहितात, ते चूक, बिटवीननंतर इंग्रजीतला मीच पाहिजे, बिटवीन यू अँड मी.

असे फसवे आवाज अजून आहेत बघ. मराठीत ही म्हणजे बाई आणि इंग्रजीत ही म्हणजे बाप्या. तुझ्या आजीला तर शी म्हटलं की अहिराणीतलं शे ऐकू येतं, म्हणते काय शे, कोठे शे. तू मात्र बसला शी लिहून आलीस, शी वॉज लेट, कारण आपली बस ती आहे. आपल्याकडे केळी ती, कापूस तो, शेत ते, सगळ्या वस्तूंना लिंग. इंग्रजीत निर्जीव वस्तू दिसली की डोळे मिटून इट लाव. उलट मी आले की मी आलो ते मराठीत क्रियापद सांगतं, इंग्रजीतला आय तसला काही पत्ता लागू देत नाही.

आणि इट कधी कधी नुसता रिकाम्या खुर्चीवर बसवलेला असतो. आपण म्हणतो फार ऊन आहे, संपलं. इंग्रजीला कर्ता लागतोच म्हणून इट इज व्हेरी हॉट. हा इट कोण? कोणीच नाही. मे महिन्यात भुसावळला ४५ डिग्रीत उभं राहून हा प्रश्न पडत पण नाही.

यू आर का, यू इज का नाही, हे तू विचारलेलं. पूर्वी त्यांच्यात पण तूसाठी वेगळा शब्द होता, दाऊ, आणि यू हा तुम्हीसारखा, अनेकांसाठी. मानाने एकट्यालाही यू म्हणायची पद्धत पडली आणि १७व्या शतकात दाऊ रोजच्या बोलण्यातून मागे पडत गेला, पण यूसोबतचा आर तसाच राहिला. म्हणजे इंग्रज कुत्र्याला पण अहो-जाहो करतात असं समज. एक आहे की अनेक ते फक्त युअरसेल्फ आणि युअरसेल्व्हजमधे कळतं. त्यावरून आठवलं, मायसेल्फ सोनाली अशी ओळख करून देऊ नकोस, मुलाखतीला आलेली निम्मी पोरं असंच बोलतात, सरळ आय ॲम सोनाली म्हण. विळा लागून बोट कापलं तर आय कट मायसेल्फ, किंवा कोणाची मदत न घेता घड मोजले तर आय काउंटेड देम मायसेल्फ, तिथे ते बरोबर.

माय आणि माइन तुला येतं, माय बॅग पण द बॅग इज माइन. दिस-दॅट, हू-व्हॉट हे पण येतंय, त्यात वेळ घालवू नको. फक्त युअर्स, हर्स, इट्स यांना मालकी दाखवताना अपॉस्ट्रॉफी नाही. इट्सला तो टिंब दिला की त्याचं इट इज होतं.

सगळ्यात जास्त मार्क गेले ते रिलेटिव्ह प्रोनाऊनला, म्हणजे आपल्या जो-जी-जे ला. तू लिहिलं, द मॅन हू केम यस्टर्डे, ही इज माय अंकल. हे मराठीतून आलंय, आपल्याकडे जो आला की तो पाहिजेच, ज्याचं जळतं त्याला कळतं, जोडीशिवाय चैनच पडत नाही. इंग्रजीत हू आला की काम झालं, मागचा ही कापून टाक. द मॅन हू केम यस्टर्डे इज माय अंकल. माणसाला हू, वस्तूला विच, दॅट दोघांना चालतो.

एव्हरीवनसोबत हॅजच, हॅव नाही. सगळे जण असले तरी तो एकटाच मोजतात. पण पुढे देअर आलं तर घाबरू नको, एव्हरीवन हॅज देअर ओन बॅग चालतं. तुझ्या सरांना हिजच हवं असेल तर पेपरात हिज लिही, मार्क महत्त्वाचे.

आजी विचारते पोरगी कधी येते, भरताची वांगी निघाली आहेत. शनिवारी ये, रविवारी आपण मळ्यात भरीत-पुरी करू. हा आपण तुला धरून आहे. गाडी कुठली ते कळव, भुसावळला घ्यायला येतो.

तुझे पप्पा