रविवारची चित्रचर्चा : येण्याआधी वाचा

सभासद मित्रमैत्रिणींनो,

येत्या रविवारी सकाळी ७ ते १० वाईजवळ मेणवलीच्या घाटावर जलरंगात निसर्गचित्रण आहे. लगेच तिथेच सावलीत चित्रं मांडून चर्चा. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत इथे नाव कळवावं.

• प्रत्येकी एकच चित्र. अपुरं असलं तरी चालेल. नव्या सभासदांची आधी घेऊ.

• मत कशावर हवंय ते चित्रकाराने सांगावं: रचना, छायाप्रकाश की रंग.

• ‘छान’, ‘मस्त’वर थांबू नका, ‘जमलं नाही’ हेही तितकंच निरुपयोगी. डोळे किलकिले करून बघा, म्हणजे गडद-फिकट नीट कळतं, मग बोला. ‘पायऱ्या आणि पाण्यातलं प्रतिबिंब सारखंच गडद झालंय, त्यामुळे घाट कुठे संपतो कळत नाही’ असं नेमकं सांगितलं, तर पुढच्या चित्रात उपयोग होतो.

• दुसऱ्याच्या चित्रावर ब्रश लावायचा नाही. ज्येष्ठांनीसुद्धा! दाखवायचंच असेल तर वेगळ्या कागदावर.

• आपल्या चित्रावर चर्चा चालू असताना खुलासे नकोत, शेवटी बोला. (‘ऊन फार होतं’ ही सबबही नको, ऊन सगळ्यांनाच लागतं.) सगळ्या सूचना मानायलाच हव्यात असं नाही.

• चित्रांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत.

बोर्ड, टोपी, पिण्याचं पाणी आपापलं. रंगाचं पाणी नदीत ओतू नये.